पुरवून

रोजाने ठरवलं होतं मला, दुभाषी म्हणून,
जेवण आणि गाडी धरून.
सकाळी सहाला नाशिकच्या पेठ नाक्यावरून उचललं.
मागच्या सीटवर आन्नेली बाई.
त्यांच्या देशात म्हणे उन्हाळ्यात रात्रच होत नाही.
मांडीवर फाइल. फाइलीत आमचे डोंगर,
हिरव्या रंगाच्या तीन छटांत.

सावळघाटात वनपाल खैरनार पुढून मागे वळून सांगत राहिले:
परदेशी सहाय्य, दुसरा हप्ता,
साठ टक्क्यांच्या वर रोपं जगली असतील तरच.
"तेवढं नीट सांगा बाईंना."
नीट म्हणजे कसं, हे दुभाष्याने विचारायचं नसतं.

करंजदरा. पंचवीस घरं आणि एक हापसा.
डोंगराच्या पोटावर समतल चर,
बाळंतपणानंतरच्या व्रणांसारखे.
चरांच्या काठाने साग, ऐन, हिरडा,
प्रत्येकाशेजारी पिवळा ठिपका दिलेला दगड.
घाणेरी मात्र कुणी न लावता सगळीकडे.

शाळेच्या ओट्यावर सभा.
आन्नेली बाई बोलत गेल्या, त्यांच्या मागून मी:
वन, जमीन, व्यवस्थापन, सहभाग.
एका शब्दापाशी अडखळले, मग म्हणाले, शाश्वत.
शब्द बरोबर होता. कोशात तोच आहे.
पण कुणी उचलला नाही,
पानात वाढलेल्या अनोळखी भाजीसारखा पडून राहिला.

यमाजी भोये म्हणाले, राब भाजायचा नाही म्हणता,
मग नागलीचं रोप कशावर उगवायचं?
तुमच्या फाइलीवर?
लोक हसले.
मी फाइल गाळून भाषांतर केलं.

मोजणी जमनी गवळीकडे होती.
तिला सही येत नाही.
कमरेची दोन फडकी तिने ओट्यावर सोडली,
दोन्हींत सुके हिरडे.
हे जगले. हे मेले.
बाईंनी विचारलं, मेलेले कशाला जपून ठेवलेत?
"जगलेले डोंगरावर दिसतात की.
मेलेल्यांनी कुठं जायचं?"
मग एकेक हिरडा बाजूला सारत गेली:
याला सशाने कुरतडलं.
याच्याखाली कातळ लागला,
खड्डा वीतभर, मजुरी हातभराची.
हे आठ पलीकडून आलेल्या वणव्यात.
आणि हा माझ्या शेळीने.
लिहा, माझ्याच शेळीने.

खैरनार घड्याळ बघू लागले.
फाइलीत कारणांना रकाना नव्हता,
आन्नेली बाई समासात लिहीत राहिल्या.

"मघाशी ती काय म्हणाली गं, तो जड शब्द?"
मी सांगितलं: तोडायचं, पण उरेल असं.
खायचं, पण नातीलाही राहील असं.
"म्हणजे पुरवून," जमनी म्हणाली.
"मग सरळ पुरवून म्हण की.
चैतात कोठीतली नागली कशी काढतो आम्ही?
पायलीने नाही. ओंजळीने."
आणि ओटा एकदम बोलू लागला,
कुणाची कोठी, कुणाचा मोह, कुठल्या साली काय पुरलं,
काय पुरलं नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. काय म्हणाल्या त्या?
मी तोंड उघडलं
तर माझ्यापाशी तोच एक इंग्रजी शब्द,
ज्याच्यापाशी मी सकाळी अडले होते.
तो मी बाईंना परत केला.
त्या म्हणाल्या, हो हो, ते तर आहेच.

घरी येऊन पर्स उपडी केली.
रोजाच्या पाकिटाखाली एक हिरडा.
फडकी बांधताना घरंगळला असावा.

अहवालात एकसष्ट टक्के गेले.
हप्ता सुटला, असं खैरनारांनी फोनवर सांगितलं,
बिलावर सही करायला या म्हणाले.
टेबलावर तो अजून आहे, सुरकुतलेला, टणक.
कोणत्या फडक्यातला,
ते विचारायचं राहून गेलं.