भोगवटा

मे महिना, दुपारचे सव्वादोन.
होटगी रोडवरची ती पाच मजली काच
पश्चिमेकडे तोंड करून उभी.
कुणी सांगितलं असतं तर वळली असती.
सांगायचं काम माझंच होतं, नकाशा माझ्याच टेबलावर होता,
पण तेव्हा फॉर्मात तो रकानाच नव्हता.

आत अठरा. बाहेर चव्वेचाळीस.
साड्यांच्या मजल्यावर मुली
स्वेटर घालून घड्या मोडतात.
मालक मल्लिनाथ हलकुडे ताक मागवतात,
"नियम आलाय म्हंता, येऊ द्या की वो मॅडम.
सक्ती कुठंय अजून?"
खरंच नव्हती.
परिपत्रक होतं, त्यात एक शब्द : शक्यतो.
'शक्यतो'वर या शहरात एक झाड जगलेलं नाही.

मागच्या बोळात गेले.
बावीस यंत्रं भिंतीला लटकून
आतला उन्हाळा बाहेर फेकत होती,
थेट नरसव्वा येमूलच्या सुपात.
तेंदूचं पान भिजवावं, तोवर वाळून कडक.
"पान मोडतंय," ती म्हणाली,
"मग बिड्या छाटात जातात. मजुरी कोण देणार?"
माझ्या मीटरमध्ये त्याला एकक नव्हतं.

माझा बाप मिलमध्ये जॉबर.
त्या करवती छपरातल्या काचा सगळ्या उत्तरेला.
लहानपणी विचारलं होतं, का?
"सूत बघायला उजेड लागतो, ऊन नाही."
एवढंच.
त्याच छपराखाली त्याचे कान गेले, तेही खरं.

यंदा सभागृहात रात्री साडेदहाला
दोनदा वीज जाऊन आल्यावर
'शक्यतो' खोडलं गेलं.
आता तिथं 'बंधनकारक' आहे,
आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत अडकलेली अनामत.

हलकुडेंनी पश्चिमेला जाळी लावली,
गच्ची पांढरी केली, काटा पंचविसावर आणला.
मुलींनी स्वेटर घरी नेले.
"निम्मं कुठं झालं बिल?" ते कुरकुरले,
"तिसरा हिस्साच कमी."
मी ताक संपवलं.

बोळात अजून नऊ यंत्रं फिरतात.
नरसव्वानं सूप हातभर सरकवलंय, सावलीकडं.

भोगवटा प्रमाणपत्रावर सही करताना
पहिल्याच शब्दावर पेन अडलं.
कोण काय भोगतं, ते त्यात छापलेलं नसतं.
शेऱ्यात लिहिलं :
मागची बाजू तीन महिन्यांत पुन्हा तपासावी.
वाक्याच्या सुरुवातीला, सवयीनं,
हात एक शब्द लिहायला निघाला होता.
थांबवला.