मोजणी

दर मंगळवारी रात्री साडेदहाला
गोदीदेवीच्या सभामंडपात सतरंजी अंथरतात
आणि बँकेतून निवृत्त झालेले आम्ही चौघे
पेटी उपडी करतो.
अंगात बिनखिशाचा सदरा. नियमच आहे.

धुरी नोटा सरळ करतात, मी नाणी चाळतो.
हळद लागलेली विसाची, स्टेपल मारलेली शंभराची,
एक रद्द झालेली पाचशेची:
अजून कुणीतरी देवीकडेच बदलून मागतंय.

मी शिवडीचाच. चौथीत होतो तेव्हा
ही म्हणजे शेंदूर फासलेला नुसता धोंडा.
ओहोटीला चिखल तुडवत कोळणी यायच्या,
पहिल्या जाळ्यातला बोंबील हिच्यापुढे ठेवायच्या.
मांजर तो पळवायचं. कुणी हाकलत नसे.

आता संगमरवराला वास धरतो म्हणून मनाई.
रांगा तीन: साधी, शीघ्र, अतिशीघ्र.
अतिशीघ्रचे पाचशे, त्यात नारळ येतो,
आणि तोच नारळ संध्याकाळी मागच्या दाराने
पुन्हा दुकानात जाऊन बसतो,
माझ्यासारखा, निवृत्तीनंतर.

पुतळाबाई नाखवा रांगेत लागत नाही.
देवळामागे जाते, एसीचा गरम वारा सुटतो तिथे,
भिंतीला कपाळ टेकते. म्हणते,
पाठ काय देवीची नसते?

पण खरं सांगू, बायकांचा संडास बांधला
तो याच पाचशेंतून.
पुतळाबाईही तोच वापरते.
तेव्हा मी कुणाला काय बोलू.

गेल्या मंगळवारी वहीचा कागद निघाला,
आत दहाच्या चार नोटा, करकचून घडी घातलेल्या.
‘आई, मागच्या श्रावणात तुझ्या ताटातले
चाळीस उचललेले. व्याज ठाऊक नाही.’

पेडणेकरांनी सवयीने तोंडी काढलं:
सहा टक्क्यांनी दोन रुपये चाळीस पैसे.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
आपण भरावेत म्हणून माझा हात छातीशी गेला.
खिसा नव्हता.

रकाने तीनच: देणगी, दर्शन, प्रसाद.
फेडीचा नाही.
मी समासात ‘किरकोळ’ लिहिलं, खोडलं,
पुन्हा तेच लिहिलं.

बारा वाजता एसी बंद झाला.
ओहोटी लागली असणार.
लादीच्या सांध्यांतून खाडीचा वास वर आला,
चिखलाचा, मासळीचा.
धुरी म्हणाले, प्लंबरला बोलवायला हवं.
मी हो म्हणालो.
निरोप द्यायचा अजून राहिलाच आहे.