हातचा एक

वहीत उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडले,
वर लिहिलं: बँक, तळघर, टेकडी.
केलर काउंटीत सरकारी बालवाड्या एवढ्याच,
बाकी सगळं अंतर:
कापलेल्या गव्हाची खुंटं, बंद पडलेला पेट्रोलपंप,
आणि गाड्यांहून जास्त हरणं.

पहिली जुन्या बँकेत.
तिजोरीचं जाडजूड दार काढून आत गाद्या घातल्यात,
जिथे लोकांच्या अंगठ्या असत
तिथे बारा पोरं दुपारची झोपतात.
मी लिहिलं: शिक्षिका दोन, रंग ताजा,
जाऊन-येऊन चौऱ्याण्णव मैल.
ब्रिटाने तिजोरीत तोंड घालून हाक मारली
नि स्वतःच्याच आवाजाला घाबरून मागे फिरली.
हे कुठल्या रकान्यात घालावं, कळेना.

दुसरी कोर्टाच्या तळघरात.
खिडक्या पार छताला टेकलेल्या,
त्यांतून रस्त्यावरचे फक्त बूट दिसतात.
पोरं बुटांवरून माणसं ओळखतात:
शेरिफ आला. पोस्टवाली गेली.
आणि एकही धुळीचा कण नसलेले ते,
"हा परगावचा वकील!"
हसू आलं मला. पण जागा नव्हती,
यादीत आम्ही सातवे.

तिसरी टेकडीवर, नुसत्या वाऱ्यात.
घरापासून अकरा मैल.
ट्वायला हौगेन बाई, गुडघ्याला पट्टा,
एकोणीस वर्षं शिकवतायत;
पदवीचं विचारलं तर म्हणाल्या, "चालू आहे."
झोपाळा एकच, त्याचीही साखळी दोरीने सांधलेली.
मुलं तीन. डेकरांची जुळी,
आणि ऑर्विन, जो फक्त ट्रॅक्टरशी बोलतो.
कोट अडकवायच्या खुंट्या मात्र चार.
चौथीखाली चिकटवलेला पिवळा कागद,
कोरा.

बाई काहीच बोलल्या नाहीत.
बोलली आर्डिस, स्वयंपाकघराच्या दारात,
एप्रनला हात पुसत:
"पटावर चार असली तर राहते.
एक तारखेला येतात मोजायला."
आणि सूपचा वाडगा पुढे केला,
जणू उद्याचं हवामान सांगितलं.

गाडीत मला राग आला.
माझं पोर म्हणजे काय
कुणाचा पट भरायचं माप आहे?
अकरा मैल तो राग पुरला.
फाटक उघडायला उतरले,
तोवर तो नेमका कुणावर, ते विसरले होते.

रात्री बेरीज केली.
बँक एकतीस, तळघर सव्वीस, टेकडी चौदा.
क्लेटन म्हणाला, "मग काय, स्पष्टच आहे,"
आणि दिवा घालवायला उठला.
"राहू दे," मी म्हटलं.

टेबलाखाली ब्रिटा पालथी पडून
आमचे बूट बघत होती.
"हे बाबा," ती कुजबुजली.
"ही आई. ही दमलीय."

मी पुन्हा पहिल्यापासून मिळवायला घेतलं.
अठ्ठावीस सप्टेंबर.
पेन्सिल हातात तशीच,
आणि आकड्यांच्या डोक्यावर, कोपऱ्यात, बारीक
तो हातचा एक,
अजून कुठेच न मिळवलेला.