घंटी हाताशी

नेब्रास्कात जानेवारीत सकाळी सातला
अजून रात्रच असते.
खोली एकशे चौदात मी दिवे लावते:
दोन लोखंडी पलंग, एक चाकांची खुर्ची,
आणि जेराल्डीन,
रबराची, एक डोळा न मिटणारी,
जिला गेली नऊ वर्षं
अकरावीची मुलं कुशीवर वळवताहेत.

या गावात मुलांना दोनच वाटा दिसतात,
मांसाच्या कारखान्यातली रात्रपाळी
नाहीतर हमरस्ता धरून कुठेही.
मी शिकवते ती तिसरी:
म्हाताऱ्या माणसांना उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं.
तासाला साडेसोळा डॉलर.
पोरं आधी तेवढंच ऐकतात. ऐकू देत.

हात वीस सेकंद धुवायचे.
दार उघडं असलं तरी टकटक करायची.
आपलं नाव सांगायचं. विचारायचं, मगच हात लावायचा.
चमचा तोंडाशी नेण्याआधी
त्यात काय आहे ते सांगायचं.
दुसरा घास पहिला गिळल्यावरच.
गळ्याकडे बघा रे, घड्याळाकडे नको.

होदानला हे सांगावं लागत नाही.
चार धाकटी भावंडं तिच्याच हातची वाढलेली;
तिच्यापुढे मीच वही उघडून बसावं.
ग्रॅडी कुचेरा मात्र आडदांड,
फुटबॉलच्या मैदानावरची भिंत.
जेराल्डीनला तो मक्याचं पोतं उचलावं तसा उचलायचा,
आणि मग हळूच तिची माफी मागायचा.

मार्चात परीक्षा. लिंकनहून बाई आल्या,
हातात तक्ता, बावीस चौकोन.
पलंगावर ओतोनिएल, डाव्या अंगाने लुळा झालेला,
इतका मन लावून लुळा
की तोंडच उघडेना.
ग्रॅडी चमचा धरून थांबला.
"सफरचंदाचा गर आहे," म्हणाला.
मग थोड्या वेळाने,
"जरा गार आहे, पण गोड आहे."
हे कुठल्याच चौकोनात नव्हतं.

एकवीस खुणा झाल्या.
बावीसावा: घंटी रोग्याच्या हाताशी ठेवली का?
घंटी पायथ्याशी लोंबत होती.
ती एक चुकली की सगळंच चुकतं,
नियम माझा नाही, पण बरोबर आहे.

"का नाही दिलीस?" मी व्हरांड्यात विचारलं.
"मी कुठे गेलो होतो?" तो म्हणाला,
"शेजारीच तर बसलो होतो."

तीस वर्षं वॉर्डात काढलेली मी,
मला पटकन उत्तर सुचेना.
उठावं लागतं रे, म्हटलं शेवटी.
पाळी संपते.
पलीकडच्या खोलीत कुणीतरी पडलेलं असतं.
त्याने मान हलवली, पटल्यासारखी नाही.

संध्याकाळी जेराल्डीनच्या पंज्यात
मी घंटीची दोरी टेकवते.
रबराची बोटं मिटत नाहीत.
उठताना माझा गुडघा वाजतो,
आणि मनाशी हिशेब होतोच:
मी नव्वदीची, तेव्हा तो चाळिशीच्या आसपास.

फेरपरीक्षा मेच्या नऊला.
यादीत बाकीची नावं पेन्सिलीने.
त्याचं मी पेनाने लिहिते.