शेऱ्याचा रकाना

एजंटला हात नसतात.
म्हणून मी त्याला एक हात लिहून देते आहे,
हापसालूमधल्या या खोलीत, रात्री पावणेदोनला,
हीटरवर मोजे वाळत घालून.

फंक्शनचं नाव: बर्फाची_जाडी.
आत येतात दोन गोष्टी, खुंटीचा क्रमांक आणि तारीख,
बाहेर पडते एक, सेंटिमीटर.
सोळा ओळी. त्यात शहाणपण कसलं?
शहाणपण असलंच तर डोक्यावरच्या वर्णनात,
जे कधीच चालत नाही,
आणि एजंट वाचतो फक्त तेवढंच.

पहिल्या आठवड्यात त्यानं विचारली चाळिसावी खुंटी.
हीयुमा बेटाकडे जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्यावर
खुंट्या आहेत एकतीस.
माझ्या अवजारानं शून्य परत केलं
आणि त्यानं एका बाईला अदबीनं कळवलं
की चाळिसाव्या खुंटीपाशी समुद्र उघडा आहे.
तो खोटं बोलला नव्हता.
‘माहीत नाही’ आणि ‘काही नाही’
मीच एका शून्यात कोंबलं होतं,
घाईत, जेवायच्या आधी.

आकडे येतात आडूकडून.
वय चौऱ्याहत्तर, खांद्यावर गिरमिट,
उजेडायच्या आधी एकतीस भोकं.
एकदा मी त्याच्या गाडीत बसले.
पट्टा लावायला गेले तर म्हणाला, सोड,
बर्फावर पट्टा लावत नाहीत,
बुडताना वेळ जातो.
सतराव्या खुंटीशी त्यानं भोक पाडलं, पट्टी घातली,
सव्वीस म्हणाला,
आणि मग टोपी काढून उभाच राहिला.

काय करतोस?
ऐकतो.
काय ऐकू येतं?
कुरकुरतोय. बरं आहे.
बर्फ बडबडत असला की जावं, लेलो.
गप्प झाला की घरी बसावं.

शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात.
भोकावरून समुद्राची होत नाही,
हे त्याला ठाऊक होतं, माझ्या कोडला नव्हतं.
परतताना सगळी वाट मी हाच विचार करत होते,
गप्प बसण्याला कोणता प्रकार द्यावा?
पूर्णांक? होय-नाही?
एक ते पाचमधली निवड दिली
तर आडू रोज तीन दाबेल,
मला फोनवर शिव्या देत.

शेवटी एक रकाना वाढवला.
शेरा: मजकूर, ऐच्छिक.
आणि वर्णनात, तीनदा खोडून, एक ओळ:
आकडा आणि शेरा यांचं भांडण झालं
तर शेऱ्याचं ऐक.

नऊ मार्च. नोंदवहीत दिसतं ते असं.
सकाळी सहा बावन्न, दुधाच्या टँकरवाल्याचा प्रश्न.
खुंटी सतरा: चोवीस. बावीस पुरतात.
शेरा: गप्प आहे. मला आवडलं नाही.
पुढच्या चार सेकंदांत एजंटनं, कुणी न सांगता,
सोळावी विचारली, अठरावी विचारली,
पुन्हा सतरावी,
जसा माणूस खिसा दुसऱ्यांदा चाचपतो.
मग लिहिलं:
नियमानं रस्ता उघडा आहे.
पण मोजणाऱ्या माणसाला आज तो आवडलेला नाही.
मी म्हणेन, फेरीनं जा.

टँकर फेरीनं गेला. दूध दीड तास उशिरा पोचलं.
बर्फ फुटला?
नाही. त्या दिवशी तरी नाही.
त्यामुळे आम्ही बरोबर होतो की नुसतेच भित्रे,
याची चाचणी मला लिहिता आलेली नाही.

आडूला मी फोन केला.
वाचलं का त्यानं?
वाचलं.
पलीकडे राईचा पाव चावल्याचा आवाज,
बराच वेळ.
हं, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, खुंटी सतरा: पंचवीस.
शेरा: सुप्रभात.

याचं काय करायचं
ते मी वर्णनात कुठेच लिहिलेलं नाही.