वीतभर फट

झिबल मिस्त्री शिडीवरून, खाली न बघता:
"वारा वरून नाही दाबत बाई,
खालून हात घालते."

मागच्या मे महिन्यात घातलाच होता.
गोरेवाड्याच्या बाजूनं धूळ उठली,
कूलरची ताटी उडून शेजारच्या अंगणात,
आणि भिंतीबाहेर आलेलं सव्वादोन फूट छप्पर
भाकरीसारखं फुगलं,
चार खिळे ओकून पुन्हा बसलं.
चारच. मी मोजले. डब्यात आहेत.

यंदा खिळे नाहीत.
वाशाला मिठी मारणारे वाकडे हूक,
डोक्यावर रबराची टिकली,
कडेनं लोखंडी पट्टी.
"आता उचलून दाखव म्हणा," झिबल म्हणाला,
वाऱ्याला की मला, कळलं नाही.

आगीचं मात्र त्यानं हळू आवाजात सांगितलं.
टेकडीवरचं गवत मार्चपासून खडखडतंय.
आग दारानं येत नाही.
नखाएवढा निखारा उडत येतो,
पन्हळीतल्या सागाच्या पानांवर टेकतो,
नाहीतर भिंत आणि पत्र्याच्या मधल्या फटीत
दम धरून बसतो.
वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही,
पाणी नाही जात.
आग जाते.

पानं मी काढली. दोन पोती.
त्यांत एक शटलकॉक, पतंगाची कामटी,
आणि ह्यांनी घरभर शोधलेली चष्म्याची काडी.
तिथं कशी पोचली, विचारायचं राहिलं.

मुलगा पुण्याहून म्हणतो, छाटून टाक ना,
एवढं बाहेर कशाला? फूटभर पुरे.
त्याला कुठं ठाऊक, दुपारी दोनला
त्या पट्टीत कोण कोण उभं असतं:
तोंडाला ओढणी बांधलेली मीटर बघणारी मुलगी,
सिलिंडरवाला,
कुणाची तरी काळी शेळी, जिला कुणीच हाकलत नाही.
घराची तेवढीच जागा, जिला दार नाही.

मग जाळी. बारीक,
मुंगीनंही दोनदा विचार करावा अशी.
ठोकत ठोकत झिबल कोपऱ्यात आला आणि थांबला.
आत चिवचिव.
हातोडी खांद्यावर, माझ्याकडे पाहत:
"ठोकू?"
किती दिवसांची असतील?
"पंधरा दिवसांत उडतीन."
वीतभर फट. पंधरा दिवस.
त्यानं खिळे तोंडातून काढून खिशात घातले.

तेव्हापासून रात्री खाट बाहेर टाकते.
उशाशी बादली, लोटा, ओलं पोतं,
पायथ्याशी जाळीचा उरलेला तुकडा, गुंडाळलेला.
टेकडीवर कधी लाल रेघ दिसते,
कधी ती नुसती काटोल रोडला वळलेली ट्रक असते.
मी दोन्ही वेळा उठून बसते.
वर, अंधारात, कुणीतरी झोपेत पंख हलवतं,
तसं थोडं गवत माझ्या चेहऱ्यावर पडतं.
सुकं. अगदी सुकं.

सतरावा दिवस.
झिबलचा फोन: "येऊ का उद्या?"

एकच उरलंय, म्हटलं.
परवा ये.