बिल्टीवरचा शेरा

रात्री दोनला ट्रेलर आला वसमत रोडवर,
चाकणहून, आठ गाड्या पाठीवर घेऊन.
मैनोद्दीननं हॉर्न दिला नाही, मिस्ड कॉल दिला.
मी टॉर्च, वही आणि ओलं फडकं घेऊन निघाले.

सही करायच्या आधी बघायचं असतं.
हे मला पहिल्या वर्षी एका पांढऱ्या गाडीनं शिकवलं.
'माल सुस्थितीत मिळाला' असं लिहून मोकळी झाले होते,
सकाळी उजेडात तिचं दार दिसलं,
कोपरापासून मनगटापर्यंत खरचटल्यासारखं,
आणि विमा कंपनीनं माझंच अक्षर
झेरॉक्स काढून मला परत पाठवलं.

तेव्हापासून दारं मी हातानं वाचते.
धूळ वेगळी लागते, पोचा वेगळा.

वरच्या मजल्यावरची लाल गाडी, छतावर तीन रेघा.
"बाभळी," मैनोद्दीन म्हणाला, "पाथरीच्या अलीकडं.
समोरून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, रस्ताभर.
कुठं जावं बाई? बाभळीतच घातली."
मी लिहिलं: छत, ओरखडे तीन, लांबी वीतभर.
बाभळ लिहिली नाही.
त्या रकान्यात झाडाला जागा नसते.

सात उतरल्या.
आठवी उतरताना
पुढची चाकं डांबरावर, मागची अजून रॅम्पवर,
आणि बंपर आमच्याच फाटकाच्या खांबाला.
आवाज एवढासाच,
डब्याचं झाकण पडावं तेवढा.
मग एक कुत्रं भुंकलं, मग कुणीच नाही.

"हलवू नका," मी ओरडले, आणि फोटो काढला.

मुंदडा शेठची पॉलिसी फाटकाच्या आत सुरू होते.
वाहतुकीची, गाडी उतरली की संपते.
मधे साडेतीन फूट महापालिकेचा रस्ता.
त्या साडेतीन फुटांत,
पावणेतीन वाजता,
साडेअकरा लाखांची गाडी कुणाचीच नव्हती.

सकाळी गुट्टे सर्वेअर आले, कानाला मफलर,
बंपरवर खडूनं गोल काढला
आणि पान चारवर बोट ठेवून वाचलं:
'वाहन स्वतःच्या बळावर चालत असताना झालेले नुकसान
वगळण्यात आले आहे.'
मी म्हटलं, परत वाचा.
त्यांनी परत वाचलं, तसंच होतं.

म्हणजे पाठीवर असेस्तोवर विमा,
पट्ट्यांनी आवळलेलं असेस्तोवर विमा,
चावी फिरवली की तुझं तू.
मला एकदम माझी नोकरी आठवली, काहून कुणास ठाऊक,
पण ती वेळ नव्हती.

"पान दोनवर बघा," मी म्हटलं, "चढाई-उतराई धरलीय.
मागची चाकं रॅम्पवर हायेत. हा फोटो.
चार चाकं खाली लागल्याबिगर उतरली कशी म्हणायची?"
गुट्टेंनी फोटो मोठा केला, लहान केला.
चष्मा काढला.
"उतरूलालती म्हणता?"
"उतरूलालती."
"इंजिन चालू होतं की."
"मग काय उचलून उतरवायची का साहेब?"
ते हसले नाहीत. 'अभिप्रायासाठी पुढे' असं लिहिलं
आणि साखर कमी घालून चहा मागितला.

मैनोद्दीन सावलीला उकिडवा बसून होता.
त्यानं पॉलिसी कधी पाहिलेली नाही.
त्याला एवढंच ठाऊक आहे
की 'पुढे' म्हटलेलं शेवटी मागं येतं,
पगारात येतं, दर महिन्याला थोडं थोडं.

मग मी शेरा लिहिला:
'उतराई चालू असताना. मागील दोन्ही चाके रॅम्पवर. २.४५.'
पांढरी प्रत आमची, पिवळी कंपनीची,
गुलाबी त्याची.
कार्बन गुलाबीपर्यंत कधीच नीट पोचत नाही,
तिथं नुसत्या सावल्या होत्या, अक्षरं नव्हती.

मी ती प्रत वेगळी काढली,
पेन दाबून एकेक अक्षर पुन्हा गिरवलं,
रॅम्पचा र सुद्धा.
त्यानं ती घडी घालून टोपीच्या आत ठेवली
आणि रिकामा ट्रेलर खडखडत
पाथरीकडं निघून गेला.